उजव्या पायाचं माप

माझ्या दुकानात नवं काही शिवलं जात नाही. लांबचं आखूड, आखूडचं लांब, सैलचं घट्ट, चेन बदलून मिळेल. पाटीवर एवढंच आणि खाली फोन नंबर. हे काम मला कुणी शिकवलं नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या पँटींवर हात बसवला. त्यातल्या पहिल्या तीन ते अजूनही कामावर घालतात, कारण चारचौघांत घालण्यासारख्या त्या उरल्या नाहीत. ते सुतारकाम करतात. तिथे भुशाखाली सगळं झाकलं जातं.

त्या दिवशी दुपारी सव्वादोनला एक बस-ड्रायव्हर दुकानात आला. धिप्पाड गडी, आवाजही तसाच. त्याचं म्हणणं, मागच्या वर्षी मी त्याची पँट नको तेवढी कापली. आता मोजे दिसतात आणि डेपोतली माणसं हसतात. मी म्हटलं, काढून द्या, बघते. तो पडद्यामागे गेला आणि पँट पडद्यावरून जवळजवळ माझ्या डोक्यावर टाकली. मी मापाची वही उघडली.

या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आहे. तारीख, उजवा पाय, डावा पाय, आणि शेवटच्या रकान्यात फरक. कुणाचेच दोन पाय अगदी सारखे नसतात, पण ते ज्याचं त्यालाही माहीत नसतं. मीही सांगायला जात नाही. एका पायाची पट्टी जरा वर घेते, की माणूस सरळ दिसायला लागतो आणि आरशात स्वतःवर खूश होऊन घरी जातो. इतकी वर्षं हेच करून मला एक खोड लागली आहे. मी आकडे लिहिते, पण बघते फक्त फरक. पँटचे दोन पाय एकावर एक ठेवायचे, कडा जुळल्या की काम झालं.

ड्रायव्हरच्या पानावरचं माप पँटीला लावलं तर पँट पाऊण इंच कमी भरली.

"दादा," मी पडद्याला सांगितलं, "मी बरोबर कापली होती. तुम्ही गरम पाण्यात धुतलीत. कापड आटतं, पाय थोडेच आटतात?"

मी वही मिटायला गेले, तर बोट पुढच्या पानात अडकलं. ते मुंगीचं पान होतं.

मुंगी माझी मुलगी. सातव्या महिन्यात झाली, तळहातावर मावेल एवढी, म्हणून मुंगी. आता तेरावं चालू आहे आणि माझ्या चपला तिला होत नाहीत. वजनात तिने मला मागच्याच वर्षी मागे टाकलं. तरी हाक तीच. शाळेत कुणाला कळू द्यायची नाही, या अटीवर.

तिच्या पानावर तीन ओळी होत्या. उजवा बत्तीस, डावा साडेएकतीस, फरक अर्धा. मग दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आणि आठ दिवसांपूर्वीची ओळ, फरक शून्य. त्या शून्याभोवती मी लाल पेन्सिलीने पाकळ्या काढून फूल केलं होतं. संध्याकाळी त्याच आनंदात तिच्या पँटच्या डाव्या पायाची अर्धा इंच वर घेतलेली पट्टी उसवली होती आणि घरात सगळ्यांना सांगितलं होतं की मुंगीचा पाय वाढला, दोन्ही पाय सारखे झाले.

फुलाच्या अलीकडचे आकडे मी त्या दुपारी पहिल्यांदा वाचले. डावा पावणेबत्तीस. उजवा पावणेबत्तीस.

डावा पाव इंच वाढला होता. उजवा बत्तीसचा पावणेबत्तीस झाला होता.

वाढत्या पोरीचा पाय आखूड होत नसतो.

टेप सैल धरली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण टेप माझी, हात माझा. माझ्याकडून सगळं चुकतं, भाजीत मीठ चुकतं, माणसं चुकतात, पण पाव इंच चुकत नाही. आणि एकदा तो आकडा दिसल्यावर बाकीचं आपणहून समोर येऊन उभं राहिलं. सकाळी दारात बूट घालताना मुंगीचा उजवा पंजा बाहेर वळला होता. परवा तिच्या दप्तराला मलमाचा वास येत होता. मी म्हटलं होतं, तिच्या आत्याची मलमाची डबी उघडी राहिली वाटतं.

घड्याळात अडीच वाजले होते. तीनला मुंगीचा खेळाचा तास होता, ऑपरेशननंतरचा, सहा महिन्यांनंतरचा पहिला. खेळाच्या सरांना चिठ्ठी मीच दिली होती. आता तिला पळायला हरकत नाही, खाली माझी सही. तिच्या डॉक्टरबाईंनी पुढच्या महिन्यात एक्स-रे फोटो काढून मग ठरवू असं सांगितलं होतं. मी फोटोची वाट पाहिली नाही. माझ्याकडे फूल होतं.

शाळेचा फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. मी दुकानाबाहेर पडले तेव्हा गळ्यात टेप होती, हातात वही होती, आणि खांद्यावर ड्रायव्हरची पँट होती. हे मला कोपऱ्यावर गेल्यावर कळलं. परत फिरायला वेळ नव्हता. मी तिथूनच ओरडून सांगितलं, दादा, दुकान सांभाळा. त्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, बरंच झालं.

दुकानापासून शाळा वीस मिनिटांवर. मला पळता येत नाही, मी भराभर चालते, आणि भराभर चालताना माझं डोकं पायांच्या पुढे धावतं.

हे सगळं गुडघ्यापासून सुरू झालं होतं. मुंगीचा डावा गुडघा दुखायचा. तिच्या आत्याने दोन महिने मलम चोळलं, सरांनी वजन कमी करा सांगितलं, मी गुडघ्यावर पट्टी शिवून दिली, बाबांनी जिन्याला कठडा लावला. सगळ्यांनी आपापल्या परीने गुडघ्याची सेवा केली आणि गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. दुखणं खुब्यात होतं. मांडीच्या हाडाला वर एक गोल टोपी असते. वाढीच्या वयात ती हाडाला कच्च्या सांध्याने चिकटलेली असते, आणि काही मुलांत तिथून हळूहळू घसरते. घसरते खुब्यात, कळ येते गुडघ्यात. डॉक्टरबाईंनी हे समजावलं तेव्हा आत्या बिचारी आपल्या बोटांकडे बघत बसली.

टोपी आहे त्या जागी धरून ठेवायला एक स्क्रू घालायचा, एवढंच ऑपरेशन. मुंगीच्या बाबांना ते लगेच पटलं. स्क्रू ही त्यांची भाषा. पण ऑपरेशननंतर पोरीचं दुखणं थांबेना, पाय आत वळवला की ती ओठ दातांखाली दाबायची. दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाय फिरवून फिरवून फोटो काढले तेव्हा दिसलं की स्क्रूचं टोक टोपी पार करून सांध्यात किंचित डोकावतंय. समोरून आणि बाजूने बघितलं तर ते आतच दिसायचं. सांध्याची गादी घासली जाण्याआधी तो काढून आखूड घातला. किती आखूड, असं बाबांनी विचारलं. तीन मिलिमीटर. ते जिन्यात येऊन मला म्हणाले, "एक सूत." इंचाचा आठवा भाग. त्यांच्या कामात एका सुताने दार लागत नाही.

मग डॉक्टरबाईंनी उजव्या बाजूचा विषय काढला. चार-पाच मुलांतल्या एकाची दुसरी बाजूही घसरते, म्हणून आधीच तिथे स्क्रू घालून ठेवता येतो. तोही पूर्ण बिनधोक नाही, हेही त्यांनीच सांगितलं. निर्णय आमच्यावर सोडला. बाबा म्हणाले, चांगल्या फळीला मी भोक पाडू देणार नाही. मी काही बोलले नाही. माझं न बोलणं आमच्या घरात होकार धरतात, आणि तेव्हा तो होकारच होता. निघताना डॉक्टरबाईंनी एकच बजावलं. उजव्या बाजूला कुठेही दुखलं, गुडघ्यात जरी, तरी तिला खाली बसवा आणि मला फोन करा. टोपी हळू घसरली तर धरता येते. एका झटक्यात निसटली तर तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड वाळतं. मग तेराव्या वर्षी म्हातारीचा खुबा.

चालता चालता मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाय टेकवू देऊ नका, आडवी करून आणा, मी आहे. मग मुंगीच्या बाबांना केला. ते कुणाच्या तरी घरी कपाट बसवत होते, मागे ड्रिल चालू होतं. "गाडी घेऊन शाळेत या," मी म्हटलं. "फळी आणा, लांब. आणि फोम." ड्रिल थांबलं. का, हे त्यांनी विचारलं नाही.

शाळेचं फाटक ढकललं तेव्हा तीनला पाच कमी होती आणि वर्ग मैदानावर आला होता. चुन्याच्या रेषेवर मुलं ओळीने उभी होती. मुंगी डावीकडून चौथी. बाकीच्यांचे पंजे समोर होते. तिचा उजवा बाहेर बघत होता, घड्याळातल्या दोनच्या काट्यासारखा. सरांनी शिट्टी तोंडाला लावली होती.

मी मैदानात घुसले. गळ्यात टेप, खांद्यावर पुरुषाची पँट. मुंगीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की त्या क्षणी तिला दुसरी कुठलीही आई चालली असती.

"खाली बस," मी म्हटलं.

"आई, तू इथे कशाला..."

"आहेस तिथे बस. हळू. उजव्या पायावर भार देऊ नकोस."

सर मध्ये पडले. मुलगी तर नीट चालत आलीय, चिठ्ठीही तुमचीच आहे, असं ते समजुतीने सांगत होते. मी त्यांना म्हटलं, चिठ्ठी फाडा. मग मी स्वतःच मैदानात बसले, मातीत, म्हणजे पोरीला एकटीला बसावं लागू नये. चाळीस मुलं आमच्याकडे बघत होती. मुंगी डावा गुडघा दुमडत, माझ्या खांद्याचा आधार घेत टेकली. पँटची घडी करून मी तिच्या उजव्या मांडीखाली सरकवली.

"दुखतोय ना गुडघा?"

ती चुन्याची रेषा नखाने खरवडत राहिली. "थोडा."

"कधीपासून?"

"तू पट्टी उसवलीस ना, त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस, मुंगे?"

शाळेत ही हाक मारायची नव्हती. पण ती त्यावर चिडली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

"तू वहीत फूल काढलं होतंस," ती म्हणाली.

मी टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरी संपेना. सरांनी वर्ग दुसऱ्या टोकाला नेला. शाळेत स्ट्रेचर नव्हतं. ऑफिसातल्या बाईंनी आपली चाकाची खुर्ची आणली, पण मागच्या वेळी दिलेली खुर्ची वरच्या साहेबांकडे गेली ती गेलीच, त्यामुळे ही मला आजच परत हवी, असं बजावूनच दिली. खुर्चीत बसवताना मी उजवा पाय दोन्ही हातांनी धरला होता, भरलेलं पातेलं धरावं तसा. फाटकापर्यंतची फरशी मी आयुष्यभर विसरणार नाही. प्रत्येक सांध्यावर खुर्चीचं चाक टक करून उडायचं आणि मी मुंगीच्या तोंडाकडे बघायचे. ती म्हणायची, ठीक आहे. मी म्हणायचे, ठीक आहे म्हणू नकोस, दुखलं तर सांग. पाचव्या फरशीला ती म्हणाली, आता दुखलं. मग सरांनी आणि मी खुर्ची उचलूनच नेली.

बाबा गाडी उलटी लावून उभे होते. पोरीने दुखणं लपवलं होतं, एवढंच मी त्यांना सांगितलं. मागे फळी, फळीवर फोम, फोमवर धुतलेली चादर. ती चादर कुणाच्या घरून आणली ते मी अजून विचारलेलं नाही. कपाटं बांधायच्या पट्ट्यांनी त्यांनी तिला फळीला बांधलं, गाठ मारण्याआधी प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं घालून बघितली. मुंगी म्हणाली, "बाबा, मी कपाट नाहीये." ते म्हणाले, "कपाट परवडलं. ते लपवाछपवी करत नाही." पण हसले नाहीत.

गाडी त्यांनी इतकी सावकाश चालवली की एक सायकल आमच्या पुढे गेली. मी मागे तिच्याजवळ बसले होते. सिग्नलला त्यांनी मान न वळवता विचारलं, "कितीने?"

"पाव इंच."

"म्हणजे दोन सूत," ते म्हणाले. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न वाजल्यावर त्यांनी गिअर टाकला.

दवाखान्याच्या पायरीवर माझा फोन वाजला. ड्रायव्हर होता. पाटीवरचा नंबर बघून केला म्हणे. बाई, तुमच्याकडे न नेलेल्या पँटींचा गठ्ठा आहे, त्यातली एक घातलीय, लांबीला छान आहे. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एक चेन, एक कंबर, मी चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. मी म्हटलं, दादा, तुमची पँट माझ्या मुलीच्या पायाखाली आहे. तो म्हणाला, असू दे मग.

फोटो निघाला. डॉक्टरबाईंनी तो पडद्यावर लावला आणि काही बोलायच्या आधी श्वास सोडला. तो श्वास मी ऐकला.

"घसरलीय," त्या म्हणाल्या, "पण थोडी. अजून धरलेली आहे. आज रात्री ही इथेच राहील, उद्या सकाळी स्क्रू."

आणि आज पळाली असती तर, असं मी विचारलं. त्यांनी मुंगीला पाणी हवंय का ते विचारलं. डावीकडच्या स्क्रूचंही त्यांनी बघितलं. तो जागच्या जागी होता, टोपीला धरून. मग कागद पुढे सरकवला. काय काय होऊ शकतं ते याही वेळी त्यांनी लपवलं नाही. जखम चिघळू शकते, गादी झिजू शकते, हाड वाळू शकतं, पाय थोडा बाहेर वळलेलाच राहू शकतो. मी ऐकत होते आणि माझा पाय टेबलाखाली शिवणयंत्राच्या पायडलवर असल्यासारखा हलत होता.

मुंगीच्या बाबांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मागच्या वेळी किती बाजूंनी बघितलं होतं?"

"दोन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "समोरून आणि बाजूने. तिथे मी कमी पडले. या वेळी टेबलावरच पाय पूर्ण फिरवत बघणार. टोक कुठल्याच कोनातून बाहेर दिसलं नाही, की मगच टाके."

"टोकाच्या पुढे किती ठेवाल?"

त्यांनी पडद्यावर दोन रेषांत अंतर दाखवलं. बाबांनी खिशातली घडीची पट्टी काढून पडद्याला लावली. चित्र मोठं केलेलं होतं, पट्टीला काहीच अर्थ नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना अडवलं नाही. मग त्यांनी पट्टी मिटली आणि सही केली. मी त्याखाली केली, या वेळी तोंडाने हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीला आत नेलं तेव्हापासून मी खोलीतल्या पलंगाची चादर चार वेळा काढून घातली. पडद्याची उसवलेली कड दिसली, पर्समधली सुई काढून तीही शिवली. बाबा खिडकीच्या बिजागरीचा ढिला स्क्रू नाण्याने आवळत होते. नर्स डोकावली, आम्हा दोघांना बघितलं आणि म्हणाली, वरच्या मजल्यावरही बरीच कामं आहेत. अकराला डॉक्टरबाई आल्या. पूर्ण फिरवून बघितलं, त्या म्हणाल्या, टोक आतच आहे. बाकी दिवस सांगतील.

मुंगी दुपारी नीट शुद्धीवर आली. आधी पाणी मागितलं. मग दवाखान्याच्या झग्याची शिलाई बघून म्हणाली, हे तुझ्या पहिल्या तीन पँटींसारखं आहे. मग डोळे मिटून पडून राहिली. मी तिच्या पायांकडे बघत होते. चादरीखाली कुठला उजवा, कुठला डावा, काही कळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "दुखतंय."

"कुठे?"

"उजवीकडे. वर, जिथे पट्टी आहे तिथे. आणि गुडघ्यात आतल्या बाजूने, पण कालच्यासारखं नाही. काल टोचायचं. आज नुसतं जड आहे."

मी नर्सला बोलावलं. ती म्हणाली, एवढं दुखणारच, औषधाची वेळ झालीच आहे. मी म्हटलं, माहितीये मला, पण तिने सांगितलं म्हणून तुम्हाला सांगतेय. नर्सला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मी वही काढली. मुंगीच्या पानावर शेवटच्या रकान्यातला फरक हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, काय दुखतं. खाली तारीख घालून तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. गुडघा, आतून, जड. ती एक डोळा उघडून बघत होती.

"फूल काढू नकोस," ती म्हणाली.

"नाही काढत."

मग तिने डाव्या खांद्याचंही सांगितलं, सुई टोचलेल्या हाताचंही, घशाचंही, आणि मी सगळं लिहून घेतलं, पान भरेपर्यंत.